कोतातलं लाकूड

रायफलीत वजन लोखंडाचं असतं, पण माणसाचा हात टेकतो तो लाकडावर. खांद्याला लागतो तो लाकडी दस्ता, नेम धरताना गाल टेकतो तोही त्याच दस्त्यावर, आणि डावा पंजा नळीखालच्या लांब लाकडाला धरून असतो. भराभर गोळ्या झाडल्या की नळी तापते, उघड्या हातानं धरवत नाही. म्हणून नळीच्या वरच्या अंगालाही लाकडाचं आवरण दिलेलं असतं. आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो त्या ली-एनफिल्ड रायफलीला असे लाकडाचे चार तुकडे असतात: मागचा दस्ता, नळीखालचं लांब लाकूड आणि नळीवरची दोन झाकणं. बंदुकांवर लिहिणारे नळी, बोल्ट, नेम, पल्ला यांवर भरभरून लिहितात. लाकडाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझी मात्र या रायफलींशी ओळख झाली ती लाकडापासून.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि एनसीसीचं काम बघतो. कामठीच्या अकादमीतलं प्रशिक्षण आटोपून आलो तेव्हा गणवेशाबरोबर कोतची किल्लीही माझ्याकडे आली. कोत म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली. आमच्या कोतातल्या रायफली ‘डीपी’ आहेत, म्हणजे फक्त कवायतीसाठी. त्यांच्या नळीला भोक पाडलेलं असतं, गोळीवर आघात करणारी पिन काढून टाकलेली असते, आणि लाकडावर डी.पी. अशी अक्षरं ठोकलेली असतात. त्यांतून गोळी सुटणं शक्य नाही. ‘बाजू शस्त्र’, ‘सलामी शस्त्र’ एवढंच त्यांचं काम, आणि ते सगळं काम लाकूड करतं. सलामी देताना डाव्या हाताची थाप लाकडावर पडते, ती एकाच क्षणी तीस हातांची पडली पाहिजे, म्हणून मुलं-मुली उन्हात घाम गाळत असतात.

मी काम हाती घेतलं तेव्हा या लाकडावर वार्निशचा जाड थर होता. कुठल्यातरी तपासणीच्या आधी घाईघाईनं कुणीतरी ते फासलं असणार, कारण ब्रशचे केसही त्यात चिकटून राहिले होते. दुरून बघणाऱ्याला लाकूड चकचकीत दिसायचं. वार्निश लाकडाच्या अंगावर बसतं, आत शिरत नाही. जिथं रोज थाप पडते, जिथं दस्ता जमिनीवर आपटतो, तिथं त्याचे पोपडे सुटतात. त्या फटींतून पावसाळ्यात ओल आत जाते आणि बाकीच्या थराखाली अडकून बसते. घामेजलेला तळहात त्या गुळगुळीतपणावर सटकतो. आमच्या तुकडीतल्या एका मुलीच्या हातून सलामीच्या वेळी रायफल निसटली, आणि जवळपास चार किलोंचं ते धूड तिच्या पायावर येता येता वाचलं.

त्या वर्षी बटालियनकडून आलेले हवालदार साताऱ्याकडचे होते. लष्करात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तसं मुलं त्यांना उस्तादच म्हणायची. त्यांनी पहिल्याच दिवशी एक रायफल उचलली, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं. “सर, ह्याला वार्निश कुणी फासलं? पोरांचा हात सटकतोय आन् खालनं लाकूड काळं पडतंय. ह्याला जवसाचं तेल लागतंय. कच्चं. दुसरं काही नाही.”

ब्रिटिश काळापासून या रायफलींच्या लाकडाला कच्चं जवसाचं तेलच देत आले. कारखान्यात लाकूड तेलात मुरवायचे आणि पुढं शिपायानं अधूनमधून हातानं चोळत राहायचं, असा रिवाज होता. नळी साफ करायचं खनिज तेल मात्र लाकडाला लागू द्यायचं नाही, कारण ते कधीच वाळत नाही. आत साचत जातं आणि लाकूड मऊ पाडतं.

जवसाचं तेल शोधायला आम्हांला लांब जावं लागलं नाही. पूर्व विदर्भात जवस हे धानाच्या मागोमाग येणारं पीक आहे. धान अजून शेतात उभं असतानाच त्या ओलीवर जवसाचं बी फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. धान कापून गेलं की खाली जवस वर आलेलं असतं. त्याला नंतर ना नांगर लागतो ना फारसं पाणी. हिवाळ्यात सकाळी बांधावरून बघावं तर सगळं शेत निळं असतं, आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून गेलेल्या असतात. तालुक्याच्या गावातल्या घाण्यावर मी डबा घेऊन गेलो तेव्हा घाणेवाल्यानं विचारलं, “खायाले पायजे का लावाले?” लाकडाला लावायचंय म्हटल्यावर त्यानं ताजं तेल दिलंच नाही. मागच्या कोपऱ्यातल्या पिंपातलं, महिनोन्‌महिने निवलेलं, गाळ खाली बसलेलं तेल वरच्यावर ओतून दिलं. ताज्या तेलातला चिकट अंश लाकडावर थर धरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पूर्वी सुतार न्यायचे, म्हणाला, आता सगळे डबल बॉईल्ड बेलतेल नेतात. दुकानातल्या बेलतेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. घाईचं काम असेल तर ते वाईट नाही. आम्हांला घाई नव्हती, सुटीचा अख्खा मे महिना हाती होता.

या तेलाचं वाळणं ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. पाणी वाळतं तेव्हा उडून जातं, स्पिरिटही उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही. त्यात लिनोलेनिक आम्लाचं प्रमाण मोठं, जवळपास निम्मं असतं. ते हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि तेलाचे सुटे कण एकमेकांना धरून त्यांचं जाळं बनतं. म्हणजे वाळलेलं तेल ओल्या तेलापेक्षा वजनानं जास्तच भरतं. चित्रकार रंग याच तेलात कालवतात ते याच गुणासाठी. लाकडाच्या बाबतीत हे जाळं त्याच्या छिद्रांच्या आत, धाग्यांच्या मधे तयार होतं. पुढं दस्त्याला ओरखडा पडला तरी खाली तेल असतंच. त्या जागेवर पुन्हा बोट फिरवलं की भागतं. वार्निशच्या पोपड्याला असं ठिगळ लावता येत नाही, सगळंच खरवडावं लागतं.

रायफल उघडायचं काम बटालियनच्या आर्मररनं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यानं केलं. ते आमच्या अखत्यारीतलं नव्हतं, आणि ते किती नाजूक आहे हे मी तेव्हाच पाहिलं. दस्ता मागून एका लांब बोल्टानं आवळलेला असतो. दस्त्याच्या तळाशी पितळी पट्टी, तिला छोटी झडप. ती उघडून आतल्या पोकळीत लांबलचक स्क्रूड्रायव्हर घालायचा आणि बोल्ट सैल करायचा. कुणालाही वाटेल की सुरुवात इथूनच करावी. पण त्या बोल्टाचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाला मागच्या बाजूनं बसवलेल्या एका पट्टीच्या खाचेत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला तर ते चौकोनी टोक फिरता फिरता लाकूड फाडतं. म्हणून आधी पुढचं टोपण, मग कड्या, मग नळीखालचं लाकूड सरळ खाली ओढून मोकळं करायचं, आणि सगळ्यात शेवटी दस्त्याला हात घालायचा. आर्मररनं आमच्याच कोतातलं एक चिरलेलं लाकूड दाखवून हे सांगितलं. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी उलट्या क्रमानं उघडलं होतं, ती चीर अजून तशीच होती.

दस्त्याच्या त्या पोकळीत पितळेची तेलाची कुपी आणि नळीतून चिंदी ओढायची दोरी ठेवायची सोय असते. एका रायफलीत कुपी अजून होती. तिच्या झाकणाला जोडलेला चमचा आत सुकलेल्या तेलात रुतून बसला होता. दुसऱ्या एका दस्त्याच्या वरच्या अंगाला ‘एल’ हे अक्षर ठोकलेलं निघालं. हे दस्ते एकाच मापाचे नसत. लांब हातांच्या शिपायासाठी अर्धा इंच लांब, आखूड हातांच्यासाठी अर्धा इंच तोकडा, त्याहून लहान चणीच्या माणसासाठी आणखी अर्धा इंच कमी. लोखंड सगळ्यांना एकच. माणसाच्या मापाला वळायचं ते लाकडानं. ती ‘एल’वाली रायफल आम्ही आमच्या सगळ्यांत उंच कॅडेटला देऊन बघितली. त्याला ती इतकी चपखल बसली की त्यानं पुढं वर्षभर दुसरी घेतली नाही.

वार्निश उतरवल्यावर आणि लोखंडावरचा मळ पुसल्यावर एका रायफलीवर मुकुटाखाली जी.आर.आय. ही अक्षरं आणि १९४३ हे साल स्वच्छ दिसलं. म्हणजे ती बंगालमधल्या, हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्यात, राजा सहाव्या जॉर्जच्या नावानं तयार झालेली. दुसऱ्या काही रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आहेत, त्या स्वातंत्र्यानंतरच्या. कारखाना तोच, घडणही तीच. १९४३ हे आकडे मी बराच वेळ बघत राहिलो. त्या वर्षी बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली माणसं भाताच्या पेजेसाठी दारोदार हिंडत होती, आणि तिथून थोड्याच अंतरावर रात्रंदिवस रायफली तयार होत होत्या. त्या रायफली खांद्यावर घेऊन लाखो हिंदी शिपाई इटलीच्या डोंगरांत आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात गेले. पुढं १९६२ साली हिमालयाच्या थंडीतही आपल्या जवानांच्या हाती हीच रायफल होती. हे सगळं त्या लोखंडावर लिहिलेलं नाही, तिथं फक्त साल आहे. वर्गात इतिहासाचा विषय निघाला की मी हल्ली मुलांना पुस्तकाआधी ते साल दाखवतो.

वार्निश रिमूव्हरनं आणि टर्पेंटाईनच्या फडक्यानं निघालं. मग खरं काम सुरू झालं. वार्निशच्या खाली कित्येक वर्षांचं काळं तेल आणि हाताचा मळ मुरलेला होता. उस्तादांनी सगळे तुकडे काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून व्हरांड्याच्या कडेला ठेवले, जिथं झळ लागेल पण थेट ऊन फार वेळ पडणार नाही. एकदम उन्हात टाकलं असतं तर लाकूड तडकलं असतं. दुपारी पिशवी उघडली तेव्हा दस्त्यावर तपकिरी, दाट थेंब उमटले होते. फडक्यानं टिपले की थोड्या वेळानं त्याच छिद्रांतून पुन्हा थेंब. सर्वांत जास्त थेंब येत होते दस्ता जिथं बारीक होतो तिथं, म्हणजे उजव्या हाताची मूठ बसते त्या जागी. फडकं काळं होत गेलं आणि लाकूड उजळत गेलं. ते थेंब टिपताना माझ्या मनात आलं, की यात नळीचं तेल आहे तसा घामही आहे, आणि तो एकट्या माणसाचा नाही. आधी शिपायांचा, मग आमच्या कॉलेजच्या मुलामुलींचा.

खाली अक्रोड होता. हिमालयातलं, काश्मीरकडचं हे झाड. बंदुकीच्या दस्त्याला जगभर त्याचीच निवड होत आली, कारण तो झटका सोसतो, हवामान बदललं तरी फार फुगत-आकसत नाही, आणि कोरल्यावर कडा ढासळू देत नाही. आम्ही सागवानाच्या प्रदेशातली माणसं, आमच्या घराची दारं-खांब सागाचे. सागाचे धागे सरळ चालतात. अक्रोडाच्या रेघा वळत, एकमेकींना टाळत जातात; धानाच्या बांधीतलं पाणी ओसरल्यावर गाळावर उमटतात तशा.

दस्त्यांवर खाचा पुष्कळ होत्या. ज्या खाचेत धागे दबलेले असतात पण तुटलेले नसतात, ती वाफेनं वर येते. ओलं फडकं खाचेवर ठेवून होस्टेलवरच्या मुलांची इस्त्री टेकवली, चर्र आवाज झाला, आणि फडकं उचललं तर खाच निम्मी भरलेली. दोनतीनदा केलं की बोटाला लागेनाशी होते. मुलांना याचं इतकं नवल वाटलं की ती दस्त्यावर खाचा शोधत बसली. जिथं धागा तुटलेला असतो तिथं वाफ काही करू शकत नाही.

एका दस्त्याच्या खालच्या अंगाला, पट्टा अडकवायच्या कडीजवळ, खिळ्यानं ‘दिपू’ असं कोरलेलं निघालं. आमच्याच कॉलेजच्या कुठल्यातरी जुन्या मुलाचा उद्योग. उस्ताद चिडले. सरकारी शस्त्रावर नाव कोरणं हा गुन्हाच, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पॉलिश पेपर आणून घासून टाकू, म्हणाले. पॉलिश पेपरला मी आधीपासूनच नाही म्हणत होतो आणि इथंही नाही म्हटलं. दस्त्याचा पृष्ठभाग पितळी पट्टीशी नखभरही वर-खाली नसतो. घासलं की लाकूड पितळेच्या खाली जातं, पट्टीची कड उघडी पडते आणि पहिल्याच आपटीला लाकडाचा तुकडा उडतो. शिवाय ‘दिपू’च्या शेजारीच रॅकचा नंबर होता आणि कारखान्याचे बारीक ठसे होते. नाव गेलं असतं तर तेही गेले असते.

पण खरं कारण एवढंच नव्हतं, आणि मी ते उस्तादांना सांगितलं. वार्निश काढायचं, मळ काढायचा, साचलेलं तेल काढायचं, कारण त्यानं लाकडाचं नुकसान होतं. ठसा, वापरानं गोल झालेली कड, गालाजवळची गुळगुळीत जागा, वाकडंतिकडं नाव, यांनी लाकडाचं काहीच बिघडत नाही. ते घासून टाकणारा माणूस लाकूड वाचवत नसतो, फक्त त्याचं वय लपवत असतो. जुन्या वाड्यांच्या खांबांवर असंच होतं. कोरीव नक्षीवरून मशीन फिरवतात, मग पीयू पॉलिश, आणि शंभर वर्षांचा खांब परवा दुकानातून आणल्यागत दिसायला लागतो. देवळांच्या दगडी भिंतींवर ऑइलपेंट चढवतात तेव्हाही मला असाच राग येतो. उस्ताद थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. पण पोरांना सांगा, पुन्हा कोरलं तर मैदानाला दहा चकरा.”

पहिला हात अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाईन असा दिला, म्हणजे पातळ होऊन खोल जातं. लाकडानं ते बघता बघता पिऊन टाकलं. विशेषतः दोन्ही टोकं, जिथं धागे आडवे कापलेले असतात, तिथं पुन्हा पुन्हा लावावं लागलं. त्यानंतरचे हात निव्वळ तेलाचे, आणि फडक्यानं नाही, तळहातानं. तळहात जोरानं चोळला की ऊब तयार होते आणि तेल मुरतं. सुटीत गावी न गेलेली मुलं-मुली व्हरांड्यात ओळीनं बसून चोळत होती. तेलाचा वास आल्यावर एक जण म्हणाली, सर, आमच्या घरी जवसाच्या चटणीचा असाच वास येतो. तिच्या घरच्या शेतात उतेऱ्याचा जवस आहे.

अर्ध्या तासानं उरलेलं सगळं तेल पुसून घ्यायचं, हा उस्तादांचा कडक नियम. वर राहिलेलं तेल वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं, आणि पुन्हा वार्निशचीच गत. त्याहून कडक नियम फडक्यांचा. प्रत्येक फडकं पाण्याच्या बादलीत. प्राणवायू घेताना हे तेल उष्णता सोडतं. दस्त्यावर ती हवेत निघून जाते, पण फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आत कोंडते आणि काडी न लावता बोळा पेटतो. भंडाऱ्याच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, कोतच्या शेजारी असला बोळा कुणालाच परवडणारा नव्हता. एका मुलानं फडकं टेबलाखाली ठेवलेलं दिसताच उस्तादांनी त्याला फडक्यासकट बादलीपाशी उभं केलं आणि सगळ्यांसमोर हे कारण त्याच्याच तोंडून वदवून घेतलं.

मग वाट बघायची. एक हात, काही दिवस सावलीत, पुन्हा एक हात. जुन्या कारागिरांचा हिशोब असा की आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा, आणि पुढं जन्मभर वर्षातून एकदा. मृग लागल्यावर हवेतली ओल वाढली आणि वाळणं मंदावलं. तेव्हा आम्ही थांबलो. लाकडाला आता चकाकी नव्हती. हात फिरवला की कोरडं लागायचं, तिरप्या उजेडात रेघा खोलवर दिसायच्या, आणि तळहात कुठंही सटकत नव्हता.

शस्त्राच्या लाकडावर इतका जीव लावावा का, हे मला एका सहकाऱ्यानं तोंडावर विचारलं. ती माझी जवळची मैत्रीण, गांधींवर मनापासून लिहिणारी, आणि प्रश्न मनापासूनचा होता. मी तिला सांगितलं ते इथंही सांगतो. ही रायफल कुणावर तरी रोखण्यासाठीच तयार झाली, हे मी एक क्षणही विसरत नाही. ते १९४३ विसरू देत नाही. पण आज तिच्या नळीला भोक आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं तिच्या आधारानं ताठ उभी राहायला शिकतात, तीस जण मिळून एका ठोक्यावर हलायला शिकतात. यांतली बहुतेक कधीही खरं शस्त्र हाती धरणार नाहीत. कुणी तलाठी होईल, कुणी नर्स, कुणी शेती करील. आणि ज्या झाडानं ते लाकूड दिलं, ज्या सुतारानं ते अर्धा इंच लांब की तोकडं याचा विचार करून कापलं, त्यांनी कुणाचं काही वाईट केलेलं नाही. त्या कामाला जपणं मला पटतं. तिला सगळं पटलं नाही. पण स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाला ती पहिल्या रांगेत येऊन बसली, आणि सलामीची थाप एकदम पडली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत होती.

उस्तादांची पुढं बदली झाली. लष्कराकडून येणारे प्रशिक्षक, म्हणजे पीआय स्टाफ, दोन-तीन वर्षांनी बदलतातच, आणि कोतची किल्लीही कधीतरी माझ्याकडून दुसऱ्या कुणाकडे जाईल. म्हणून शस्त्रांच्या रजिस्टरला मी एक पान जोडून ठेवलं आहे, आणि नव्या माणसानं किल्ली घेताना त्याखाली सही करावी अशी प्राचार्यांना विनंती केली आहे. त्यावर लिहिलंय: लाकडाला वर्षातून एकदा, मे महिन्यात, कच्चं निवलेलं जवसाचं तेल. अर्ध्या तासानं पुसणे. फडकी पाण्यात. पॉलिश पेपर नाही, वार्निश नाही, तपासणी उद्यावर आली असली तरी नाही. पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्त्याच्या बोल्टाला हात लावू नये. खाली घाण्याचा पत्ता दिला आहे, आणि तिथं ‘लावाले पायजे’ असं सांगावं, हेही.